प्रशिक्षकाने खेळाडूंचं ऐकावं, पण कुठवर?

मैदानकर

नमस्कार मंडळी,

फुटबॉलचा संघ सांभाळणाऱ्याला रोज हा पेच पडतो. खेळाडू काही ना काही सांगत असतात, त्यातलं घ्यायचं किती? "सगळ्यांचं ऐकून घ्यावं आणि शेवटी आपल्याला हवं तेच करावं" हे ठरलेलं उत्तर मला अजिबात पटत नाही. ऐकून घेऊनही काहीच बदलत नाही हे पोरांच्या दोन आठवड्यांत लक्षात येतं आणि तिसऱ्या आठवड्यापासून ती गप्प बसतात. मग गुडघा दुखतोय हेसुद्धा कुणी सांगत नाही.

माझं मत असं. विषय चार आहेत आणि चारही वेगळे हाताळावेत. एक, शरीर: थकवा, दुखणं, झोप. दोन, मैदानात समोर काय घडतंय. तीन, सराव कसा असावा. चार, अकरा जण कोण. पहिल्या दोन बाबतींत खेळाडूला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिसऱ्यात निम्मं निम्मं. चौथ्यात मात्र एकाचंही ऐकू नये, कारण तिथे प्रत्येक जण स्वतःच्या जागेसाठी भांडणारा पक्षकार असतो.

कोल्हापुरात हा प्रश्न जास्तच बोचतो. तालमीच्या संघात खेळाडू, माजी खेळाडू, पेठेतले समर्थक सगळे एकाच गल्लीतले आणि प्रत्येकाच्या खिशात आपापली अकरा जणांची यादी तयार.

चौथ्या मुद्द्यावर कुणाचं वेगळं मत असेल तर ते मुद्दाम मांडा.

सहा_नंबर

पहिल्या तीन मुद्द्यांवर सहमत. चौथ्यावर नाही. ४ मे २०२२, रेआल माद्रिद विरुद्ध मँचेस्टर सिटी, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी. पहिल्या सामन्यात सिटी ४-३ ने पुढे. परतीच्या सामन्यात रेआलचा प्रशिक्षक आन्चेलोत्ती याने ६८व्या मिनिटाला क्रूसला काढून रॉड्रिगोला आणलं, ७५व्याला मॉड्रिच आणि कॅसेमिरो बाहेर. रॉड्रिगोने ९०व्या मिनिटाला आणि लगेच पुढच्या मिनिटाला असे दोन गोल मारले. जादा वेळेत कुणाला बदलावं हा प्रश्न आला तेव्हा आन्चेलोत्तीने बाकावरच्या क्रूस आणि मार्सेलोला विचारलं. क्रूसने स्वतःच नंतर हे सांगितलं.

विचारलं कुणाला, हे बघा. एक आधीच बाहेर आलेला, दुसरा त्या दिवशी खेळलेलाच नाही. म्हणजे या बदलीत दोघांचाही स्वार्थ नाही. वर दोघांच्या नावावर चॅम्पियन्स लीगची अनेक पदकं. तुमचा "पक्षकार" हा मुद्दा बरोबर आहे, पण त्यातून "कुणालाच विचारू नये" हे निघत नाही. जो पक्षकार नाही त्याला विचारावं.

डावा_बॅक

सहा_नंबर, मग २०१८ च्या विश्वचषकातला अर्जेंटिनाही आठवा. क्रोएशियाकडून ०-३ हरल्यावर नायजेरियाविरुद्ध जिंकणं भाग होतं. १-१ असताना प्रशिक्षक साम्पाओली रेषेजवळ मेस्सीला विचारतोय, "अग्वेरोला आणू का?" अशी चित्रफीत जगभर फिरली. ८०व्या मिनिटाला अग्वेरो आला, ८६व्याला रोहोने गोल मारला, सामना जिंकला. तरी चर्चा एकच राहिली, की संघ चालवतंय कोण?

विचारण्याची कृती दोन्हीकडे सारखीच. आन्चेलोत्तीने विचारलं तर शहाणपण, साम्पाओलीने विचारलं तर लाचारी. असं का?

सहा_नंबर

कारण साम्पाओलीचा अधिकार क्रोएशियाच्या सामन्यानंतरच गेला होता. अधिकार शाबूत असताना विचारलं तर तो सल्ला. गेल्यावर विचारलं की ती परवानगी.

फिजिओताई

पहिल्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते, कारण "शरीराचं ऐका" हे अर्धंच खरं आहे.

आधी ऐकायचं कसं. "कसं वाटतंय?" या प्रश्नाचं उत्तर कायम "मस्त" असतं. त्यापेक्षा आकडा मागा. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने प्रत्येकाला ० ते १० मध्ये सांगायला लावा, आज किती जड गेलं. त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. ६० मिनिटं आणि ४ म्हणजे २४०. ९० मिनिटं आणि ७ म्हणजे ६३०. ही साधी वही आठवडाभर ठेवली की सगळ्यांनी तोच सराव केला असताना एकाचा आकडा अचानक दीडपट झालेला लगेच दिसतो. सकाळी चार गोष्टी विचारा: झोप, थकवा, स्नायूंचं दुखणं, मनावरचा ताण. प्रत्येकी १ ते ७.

हे फसतं ते तीन कारणांनी. सगळ्यांसमोर विचारलं की पहिला जे सांगतो तेच पुढचे सांगतात, म्हणून एकेकट्याला विचारा. संपल्या संपल्या विचारलं की शेवटच्या धावांचाच आकडा येतो, म्हणून अर्धा तास थांबा. आणि सर्वांत वाईट म्हणजे ज्याने ९ सांगितलं त्याला पुढच्या सामन्यात बसवलं, की त्या दिवसापासून तुमच्या वहीत फक्त ४ आणि ५ दिसतील. ९ सांगणाऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा सराव कमी करा, जागा काढू नका.

आता अजिबात ऐकायचं नाही ते. "मी खेळू शकतो" हे वाक्य.

२०१४ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, ॲटलेटिको माद्रिद विरुद्ध रेआल माद्रिद. दिएगो कोस्टाची मांडी दुखावलेली असताना ॲटलेटिकोचा प्रशिक्षक सिमेओने याने त्याला पहिल्या अकरात घेतलं. ९व्या मिनिटाला तो बाहेर. तेव्हा बदल्या तीनच असायच्या. तिसरी ८३व्या मिनिटाला वापरून झाली आणि ९० अधिक ३ ला रेआलच्या रामोसने बरोबरी केली. जादा वेळेत ॲटलेटिकोचा हुआनफ्रान पायाला गोळे आले तरी खेळत राहिला, कारण बदली शिल्लकच नव्हती. रेआलच्या दुसऱ्या गोलच्या वेळी डी मारिया नेमका त्याच्याच बाजूने घुसला. रेआल ४-१ ने जिंकलं. पहिल्या नऊ मिनिटांची किंमत शेवटच्या तीस मिनिटांत मोजली. सिमेओनेने चूक आपली म्हणून मान्य केली, तो मोठेपणाच.

आणि डोक्याला मार बसला तर खेळाडूला काही विचारूच नका. २०१४ च्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रामरचं डोकं अर्जेंटिनाच्या गारायच्या खांद्यावर आदळलं. तो खेळत राहिला आणि थोड्या वेळाने त्याने पंच रिझोलींना विचारलं, "हा अंतिम सामना आहे का?" ३१व्या मिनिटाला त्याला काढलं. तोवर तो चौदाएक मिनिटं तसाच खेळला होता. ज्या अवयवाने उत्तर द्यायचं त्यालाच मार बसलाय. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही.

वाचनमात्र_ते_आज

फिजिओताई, प्रतिसाद छापून ड्रेसिंग रूमच्या दारावर लावण्यासारखा आहे.

जुनी_फाईल

ताई, एक शंका. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे बचावपटू जर्नेलसिंग यांचं डोकं थायलंडविरुद्ध फुटलं होतं, टाके पडले होते. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांना बचावातून काढून सेंटर फॉरवर्डला खेळवलं. उपांत्य आणि अंतिम दोन्ही सामने ते खेळले, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध गोलही केला. २-१, सुवर्ण. तुमच्या नियमाने ते बाहेरच बसले असते.

फिजिओताई

बसले असते, आणि तेच योग्य ठरलं असतं. फुटलेली कातडी आणि आत मेंदूला बसलेला हादरा या दोन वेगळ्या गोष्टी. टाके वरून दिसतात, हादरा दिसत नाही. १९६२ साली तो तपासण्याची आजच्यासारखी पद्धतही नव्हती. जर्नेलसिंग यांचं शौर्य मी मान्य करते, पण सतरा वर्षांच्या मुलापुढे आदर्श म्हणून ते ठेवू नये. एकाला काही झालं नाही, एवढ्यावरून पद्धत ठरत नाही.

जुनी_फाईल

मान्य. त्या गोष्टीतलं माझ्या कामाचं एवढंच, की देशातला सर्वोत्तम बचावपटू "माझी जागा ही नाही" असं न म्हणता पुढे जाऊन खेळला. तसा विश्वास आधी कमवावा लागतो.

आता मैदानकरांच्या चौथ्या मुद्द्याला सगळ्यात मोठा अपवाद. २२ जून १९७४, हॅम्बर्ग. विश्वचषकात पश्चिम जर्मनी पूर्व जर्मनीकडून ०-१ हरली, स्पारवासरचा गोल. प्रशिक्षक हेल्मुट श्योन खचले. त्यानंतर कर्णधार बेकेनबाउअरचा संघनिवडीतला वाटा फार मोठा होता, असं तिकडे बरेच जण मानतात. पुढच्या युगोस्लाव्हियाच्या सामन्यात चार बदल झाले. आत आलेल्यांत बॉनहॉफ आणि होल्झेनबाइन होते. म्युनिकच्या अंतिम सामन्यात बरोबरीची पेनल्टी मिळाली ती होल्झेनबाइनला पाडल्यावर, आणि म्युलरच्या विजयी गोलचा पास बॉनहॉफचा. कर्णधाराचं ऐकलं म्हणून विश्वचषक आला असं कुणी म्हणालं तर मला खोडता येणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात हॉलंडचा आयाक्स क्लब सलग तीन वेळचा युरोपियन विजेता होता. कर्णधार कोण यावर खेळाडूंचं मतदान झालं आणि स्टार खेळाडू क्रायफऐवजी पीट कायझर निवडून आला. काही आठवड्यांत क्रायफ बार्सिलोनाला निघून गेला. आयाक्सला पुढचा युरोपियन चषक १९९५ मध्ये मिळाला.

मैदानकर

जुनी_फाईल, १९७४ बद्दल निरुत्तर. पण बेकेनबाउअर स्वतःची जागा मागत नव्हता, ती पक्कीच होती. म्हणजे गाडी पुन्हा सहा_नंबर यांच्या मुद्द्यावर येते. चौथा मुद्दा सुधारून घेतो: ज्याची स्वतःची जागा त्या निर्णयावर अवलंबून नाही त्याला विचारायला हरकत नाही, पण एकट्याला आणि बंद दाराआड. मतदान मात्र कधीच नाही.

कडक_शिस्त

सगळे फार मवाळ बोलताय. खेळाडूंना जास्त बोलू दिलं की २०१० च्या विश्वचषकातला फ्रान्स होतो. मेक्सिकोविरुद्ध मध्यंतराला आनेल्का प्रशिक्षक दोमेनेकला शिव्या देतो, घरी पाठवलं तर बाकीचे संघसहकारी नाइज्नात, म्हणजे सरावाच्या गावी, बसमध्ये जाऊन बसतात, सरावाला उतरतच नाहीत. आणि त्यांचं निषेधाचं पत्रक वाचून कोण दाखवतं? स्वतः प्रशिक्षक. गटात शेवटचा क्रमांक, तीन सामन्यांत एक गुण. प्रशिक्षक एकच असतो आणि आवाजही एकच असावा.

डावा_बॅक

कडक_शिस्त, मला तर तो ऐकण्याचा नाही, न ऐकण्याचा परिणाम दिसतो. माणसं बसमध्ये जाऊन बसतात ती आधीच्या सगळ्या वाटा बंद झाल्यावर.

२००२ चं सायपान घ्या, विश्वचषकाआधीचा आयर्लंडचा सरावतळ. कर्णधार रॉय कीनच्या तक्रारी काय होत्या? मैदान दगडासारखं कडक, सरावाचे चेंडू आणि सामान वेळेवर पोचलेलं नाही. नंतर आयर्लंडच्या महासंघानेच नेमलेल्या जेनेसिस अहवालाने नियोजनातल्या बऱ्याच त्रुटी मान्य केल्या. तक्रार खरी होती. पण प्रशिक्षक मिक मॅकार्थीने कीनची वर्तमानपत्रातली मुलाखत सगळ्या संघासमोर काढली आणि त्याला जाब विचारला. कीन फुटला, जे बोलला ते बोलला, विश्वचषक न खेळता घरी गेला. वीस माणसांसमोर दोघांनाही माघार घेता येईना. हेच एका खोलीत दोघांतच झालं असतं, तर निदान चेंडूंचा प्रश्न तरी चेंडूंपुरताच राहिला असता.

मडगावचो_विंगर

दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे मैदानात काय दिसतंय यावर कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून लिहितो. खरा माल तिथेच आहे.

पावसाळ्यात आमच्याकडच्या मैदानांवर एखादा कोपरा असा असतो जिथे चेंडू टप्पा पडला की जागीच बसतो. बाकावरून ते कळत नाही, तिथे खेळणाऱ्या बॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, पाचव्या मिनिटाला कळतं. त्याच्याकडून ते काढून घेतलं नाही तर आपला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, पहिला अर्धा तास त्याच कोपऱ्यात जमिनीवरून पास देत राहतो. म्हणून मध्यंतराला तीनच जणांना विचारावं: गोलकीपर, एक बॅक आणि सहा नंबर (बचावासमोरचा मधला खेळाडू). गोलकीपरला सगळं समोरून दिसतं, बॅकला कडेचं, सहा नंबरला मधलं.

प्रश्नही नेमके हवेत. बॅकला: तुझ्यासमोरचा विंगर चेंडू पायात मागतो की मागे धावतो? आत येतो की रेषेने जातो? सहा नंबरला: चेंडू मिळाल्यावर वळता येतं का, की पाठीवर माणूस असतो? वळता येत असेल तर त्यांचे पुढचे दोघे आपल्या स्टॉपरवर, म्हणजे मधल्या बचावपटूवर, धावतायत आणि मधला मोकळा आहे, खेळ त्याच्यातून काढा. वळता येत नसेल तर आठ नंबरने, म्हणजे मधल्या फळीतल्या दुसऱ्या खेळाडूने, दहा पावलं बाजूला सरकून त्या माणसाला ओढून न्यायचं.

एक सावधगिरी. लेफ्ट बॅक म्हणतो, "माझ्यावर दोघं येतात, मला मदत द्या." त्याचं दुखणं शंभर टक्के खरं, पण त्याने सांगितलेलं औषध खरं असेलच असं नाही. कधी आपला विंगर परत येत नसतो. कधी विंगर येतो पण आठ नंबर मध्येच अडकलेला असतो. कधी बॅक स्वतःच पाच पावलं जास्त मागे बसलेला असतो, म्हणून समोरच्यांना चेंडू घेऊन मान वर करायला वेळ मिळतो. तिन्हींचा उपाय वेगळा. तक्रार ऐकल्यावर पुढची दोन मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त त्या कडेकडे बघायचं, मग ठरवायचं.

हाय_लाईन

मडगावचो_विंगर, हे वाचून मिलानचे प्रशिक्षक साक्की आठवले. मिलानमध्ये गुलिट आणि व्हॅन बास्टन त्यांना विचारायचे, की इतका रचनेचा सराव कशाला? खेळाडूंच्या गुणवत्तेवर सोडा ना. साक्कींनी भाषण दिलं नाही. गोलमध्ये गाल्ली आणि समोर तास्सोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी, असे पाच जण उभे केले. विरुद्ध दहा: गुलिट, व्हॅन बास्टन, रायकार्ड, विर्दिस, आन्चेलोत्ती वगैरे. वेळ १५ मिनिटं. अट एकच, पाच जणांनी चेंडू जिंकला की दहा जणांनी पुन्हा स्वतःच्या अर्ध्यात दहा मीटर मागून सुरू करायचं. दहा जणांना एकदाही गोल करता आला नाही.

मैदानकर, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे सरावाला, याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. खेळाडूने "हे कशाला?" विचारलं म्हणजे तो उद्धट झाला असं नाही. त्याला मैदानावर दाखवता आलं पाहिजे. दाखवता येत नसेल तर तो सराव बदलावा.

सहा_नंबर

आणि त्या दहातला आन्चेलोत्ती पुढे बाकावर क्रूसला विचारत बसला! दोन्ही धडे एकाच माणसाकडे.

गोलीची_बाजू

धागा थोडा पळवतो. गोलकीपरचं ऐकावं का?

२०१४ चा विश्वचषक, हॉलंड विरुद्ध कोस्टा रिका. जादा वेळ संपता संपता हॉलंडचा प्रशिक्षक व्हॅन गाल याने गोलकीपर सिलेसनला काढून टिम क्रूलला आणलं. क्रूलने दोन पेनल्टी अडवल्या, हॉलंड जिंकलं. क्रूलला हे आधी सांगितलं होतं, सिलेसनला मुद्दाम सांगितलं नव्हतं, त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. सिलेसन बाहेर येताना चिडला, तरी आला.

२०१९, चेल्सी विरुद्ध सिटी, लीग कपचा अंतिम सामना. साधारण तोच क्षण. चेल्सीचे प्रशिक्षक सार्री यांनी काबायेरोला तयार केलं, बदलीचा फलक वर गेला आणि गोलकीपर केपा बाहेर यायलाच तयार नाही. चेल्सी पेनल्टीवर हरली, केपाला आठवड्याच्या पगाराएवढा दंड झाला, पुढच्या सामन्यात काबायेरो खेळला. नंतर दोघांनीही गैरसमज झाल्याचं सांगितलं: सार्रींना वाटलं त्याला गोळे आलेत, तो सांगत होता मी ठीक आहे.

यावर उपाय साधा. हातवारे आधी ठरवून ठेवा आणि मोसमाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना पाठ करायला लावा. उदाहरणार्थ, खाली बसला म्हणजे फिजिओ हवा. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे मला काढा. अंगठा वर म्हणजे मी ठीक. आणि एकदा फलक वर गेला की चर्चा संपली, हे लेखी असू द्या.

कडक_शिस्त

फलकाचं वाक्य आवडलं. तेवढ्यावर माझी सही.

पोरांची_आई

मोठ्यांचं झालं. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या संघात काय करायचं? तिथे विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात.

मडगावचो_विंगर

पोरांची_आई, सगळ्यांना एका वर्तुळात उभं करून विचारू नका. तिघी-तिघींचे गट करा आणि सुरुवात सगळ्यात लहान मुलीपासून करा. मोठीने एकदा मत दिलं की नंतर कुणी वेगळं बोलत नाही. "काय वाटतं?" ऐवजी दोन पर्याय द्या: शेवटची पंधरा मिनिटं चार विरुद्ध चार खेळायचं की शूटिंग? त्या निवडतील तेच करा, त्याच दिवशी. आपण बोललो की काहीतरी बदलतं हे त्यांना कळायला हवं, आणि त्या वयात तेवढं पुरतं. जागा मात्र आळीपाळीने सगळ्यांना द्या, त्यावर मत घेऊ नका. पालक रेषेवरून सूचना देत असतील तर एकच नियम: सामन्याच्या दिवशी चर्चा नाही, दुसऱ्या दिवशी फोन करा.

जुनी_फाईल

मुलींवरून स्पेनच्या महिला संघाचं आठवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये १५ खेळाडूंनी महासंघाला ईमेल करून सध्याच्या परिस्थितीत आमची निवड करू नका असं कळवलं. महासंघ प्रशिक्षक होर्हे विल्दाच्या पाठीशी राहिला. २०२३ च्या विश्वचषकाच्या संघात त्या पंधरांपैकी तिघीच होत्या: बोनमाती, बात्ये, काल्देन्तेय. २० ऑगस्टला सिडनीत इंग्लंडला १-० हरवून स्पेन जगज्जेता झालं. ५ सप्टेंबरला विल्दाला काढलं.

कडक_शिस्त म्हणतील, न ऐकता चषक आला. पण माझं लक्ष बाकीच्या बारा जणींकडे जातं. त्यांचा तो विश्वचषक परत येणार नाही.

कडक_शिस्त

नाही, तसं नाही म्हणणार. पंधरा जणी एकत्र लिहितात तेव्हा ते बंड नसतं, ती माहिती असते. माझा विरोध एकेकट्याच्या रुसव्याला आहे.

मैदानकर

मंडळी, मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या प्रतिसादांवरून मध्यंतराची १५ मिनिटं अशी बसवली आहेत. यायला-जायला तीन गेली, उरली बारा. पहिली तीन मिनिटं पाणी आणि शांतता, कुणीही बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. त्या वेळात फिजिओ एकेकाशी हळू आवाजात बोलेल. पुढची दोन मिनिटं मडगावचो_विंगर यांचे तिघे, ठरलेले प्रश्न. मग दोन मिनिटं सहायकाबरोबर बाजूला. नंतर चार मिनिटं फळ्यावर, जास्तीत जास्त दोन बदल, कारण तिसरा कुणाच्या लक्षात राहत नाही. शेवटचं एक मिनिट कर्णधाराचं.

आता पाच बदल्या मिळत असल्या तरी खेळ चालू असताना त्या तीनच वेळा करता येतात, मध्यंतराची वेळ वेगळी धरतात. म्हणून करायची असेल ती बदली शक्यतो मध्यंतरालाच.

डावा_बॅक

छान. एक राहिलं. ज्याला वगळलं त्याला कधी सांगायचं? संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच, तिथे यादी टाकली की झालं, असं बरेच जण करतात.

मैदानकर

ग्रुपवर यादी टाकण्याआधी ज्याची जागा गेली त्याला एकट्याला गाठून सांगायचं, प्रत्यक्ष जमलं नाही तर फोनवर. कारण एकच सांगायचं आणि ते मैदानावरचं असावं: "त्यांचा राइट विंगर रेषेने धावतो, मला तिथे जास्त वेगाचा बॅक हवाय." मग त्याचं म्हणणं पूर्ण ऐकायचं. यादी त्यावर बदलायची नाही, पण पुढच्या मंगळवारच्या सरावात त्याला काय सिद्ध करायचंय ते त्याच बोलण्यात ठरवायचं.

डावा_बॅक

मंगळवारी त्याला आपल्यातल्या तशाच वेगवान विंगरसमोर उभं करा. एकास एक, वीस मीटरच्या पट्ट्यात, दहा वेळा. किती वेळा पार झाला ते त्यालाच मोजू द्या.